नेल्सन, हातभर अंतरावरून

लंडनच्या ट्राफल्गार चौकात ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन बघायचा तर मान मोडते. खांब आणि पुतळा मिळून उंची 50 मीटरच्या वर. खालून दिसते ती टोपी आणि ढग. चेहरा बघायचा असेल तर चौक ओलांडून नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जावं. तिकीट नाही.

तिथलं सर विल्यम बीचीचं तैलचित्र 1800 सालचं. नॉर्विच शहराला आपल्या नॉरफक परगण्याच्या सुपुत्राचं पूर्णाकृती चित्र हवं होतं. त्याच्या तयारीसाठी नेल्सनला समोर बसवून बीचीने हे कच्चं चित्र रंगवलं. त्यामुळे सगळा जीव चेहऱ्यात. वय बेचाळीस, पण माणूस पार थकलेला. लालसर, रापलेली कातडी, पिकलेले केस. कपाळावर ते केस पुढे ओढण्याचं कारण होतं. 1798 मध्ये नाईलच्या लढाईत लोखंडाच्या तुकड्याने कपाळ फाटलं, कातडी लोंबून चांगल्या डोळ्यावर आली. आपण संपलोच, असं त्याला वाटलं होतं.

"काका, डोळ्यावरची पट्टी कुठाय?" पुतण्याने विचारलं. अरे, तो ती कधी बांधतच नव्हता! 1794 मध्ये कोर्सिकात, काल्वीच्या वेढ्यात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण वरून डोळा धडका दिसायचा. उजवा हात मात्र 1797 मध्ये टेनेरिफ बेटावरच्या लढाईत खरोखरच गेला. चित्र छातीपर्यंतच आहे, म्हणून रिकामी बाही शोधत बसू नये.

हाच माणूस पोरवयात, 1775 मध्ये, 'सीहॉर्स' जहाजावरून आपल्या मुंबईला येऊन गेला होता. पुढे हिवतापाने असा झोपवला की 1776 मध्ये त्याला मायदेशी धाडावं लागलं. या चेहऱ्यासमोर उभं राहून ते आठवलं, आणि उगाच जरा ओळख निघाल्यासारखं वाटलं.

नॉर्विचसाठीचं मोठं चित्र मी छापील पाहिलंय. त्यात तो ऐटीत उभा आहे, शहराला हवा तसा. मला विचाराल तर कच्चंच सरस. ज्याने बसवून घेतलं त्यालाही पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं. कोपनहेगनची लढाई 1801 मध्ये, ट्राफल्गारची 1805 मध्ये. इथे नुसता एक दमलेला दर्यावर्दी आहे, तोंडावर उन्हापावसाचा हिशेब घेऊन.

पुतण्या एव्हाना पुढच्या दालनात पोचला होता. मी मात्र पुन्हा मागे फिरलो, पदकांवरचा रंग किती झटपट मारलाय ते नीट बघायला.