‘स्वान लेक’ या बॅलेत शेवटी ती मरते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, मरते. कधी कधी वाचते. आणि व्हिएन्नातल्या एका प्रयोगात तिचा राजपुत्र एकटाच बुडतो.

बॅले बघायचा नाद आहे हे चार जणांना कळलं की हा प्रश्न पाठ सोडत नाही. कुणाची मुलगी क्लासला जाते, कुणी युरोपच्या सहलीत तिकीट काढून ठेवलेलं असतं, कुणाला नुसतं रेकॉर्डिंग बघायचं असतं. विचारतात मात्र सगळे ‘स्वान लेक’बद्दलच. शेवट आधी कळला तर मजा जाईल ही भीती इथे कुणालाच नसते. शब्दच नाहीत तर आपल्याला काय कळणार, या धास्तीने लोक सगळं आधीच विचारून घेतात. ते बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे आणि पीटर्सबर्गचे रसिकसुद्धा कथासाराची पुस्तिका वाचूनच बसायचे.

तर ‘स्वान लेक’. आज आपण जी गोष्ट सांगतो ती १८९५ सालची, सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरातली. राजपुत्र सिगफ्रीड शिकारीला जातो, तळ्याकाठी त्याला ओडेट भेटते. रोथबार्ट नावाच्या मांत्रिकामुळे ती दिवसा हंस आणि रात्री बाई. तिच्यावर कुणी एकनिष्ठ प्रेमाची शपथ घेतली आणि पाळली, तर ती सुटणार. रोथबार्ट आपल्या मुलीला, ओडिलला, ओडेटचं रूप देऊन दरबारात आणतो आणि हे महाशय भरसभेत तिच्याशीच शपथेने बांधले जातात. मग तळं, पश्चात्ताप, दोघांची पाण्यात उडी, त्या उडीने रोथबार्टचा अंत आणि शेवटी परलोकात दोघं एकत्र.

पण हा बॅले पहिल्यांदा झाला १८७७ मध्ये, मॉस्कोच्या बोल्शोईत, आणि तिथली गोष्ट वेगळी होती. तिथे ओडेटच्या जिवावर उठलेली असते तिची सावत्र आई, घुबडाच्या रूपात पाळत ठेवणारी. ओडेटचे आजोबा गेलेल्या लेकीसाठी इतके रडले की अश्रूंचं तळं झालं, आणि नातीला त्यांनी तिथेच लपवलं. तिच्या डोक्यावरचा मुकुट हेच तिचं कवच. शेवटी सिगफ्रीड माफी मागायला येतो. माफ करणं माझ्या हातात नाही, असं ती सांगते. तेव्हा हा गडी काय करतो? तिच्या डोक्यावरचा मुकुट ओरबाडून तळ्यात भिरकावतो. तुझी इच्छा असो नसो, तू माझ्याजवळच राहायचंस! तळं खवळतं आणि दोघांना गिळतं. म्हणजे मूळ गोष्टीत नायिका नायकाच्या हातून मरते. नंतरच्या गुळगुळीत सिगफ्रीडपेक्षा हा हट्टाला पेटलेला सिगफ्रीड मला जास्त ओळखीचा वाटतो.

संगीतकार चायकोव्हस्की १८९३ मध्येच गेला, त्यामुळे १८९५चा प्रयोग त्याने पाहिलाच नाही. कथा बदलली ती त्याचा भाऊ मोदेस्त याने, आणि नृत्यं बसवली मारियुस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव यांनी. दरबारच्या प्रवेशात ओडिल एका पायावर ज्या बत्तीस गिरक्या घेते, त्यांचा गोष्टीशी संबंध किती? पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीला त्या जमत होत्या, म्हणून त्या आल्या. त्याआधी १८९३ मध्ये तिने त्या ‘सिंड्रेला’त घेऊन टाळ्या मिळवल्याच होत्या. आणि ओडिलचा काळा पोशाख? तो तर विसाव्या शतकात अंगावर चढला. खरं म्हणजे ओडिल हंसीण नाहीच. ती मांत्रिकाची मुलगी आहे, चांगली धडधाकट माणूस.

सोव्हिएत काळात या गोष्टीला सुखान्त चिकटला. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे पीटर्सबर्गलाच, १९५० साली कॉन्स्तान्तिन सेर्गेयेव्ह यांनी बसवलेल्या प्रयोगात राजपुत्र रोथबार्टचा पंखच उपटतो, रोथबार्ट तडफडून मरतो आणि सकाळी दोघं ठणठणीत. मारिन्स्कीवाले अजून तोच करतात. बोल्शोईत १९६९ मध्ये युरी ग्रिगोरोविच यांना शोकान्त हवा होता. वरून दबाव आला, गोड शेवट करावा लागला, आणि मनासारखा शेवट त्यांनी केला तो थेट २००१ मध्ये. नर्तक नुरेयेवने व्हिएन्नात १९६४ साली सिगफ्रीडला एकट्यालाच बुडवलं. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत बंड झालं तेव्हा सरकारी टीव्हीवर बातम्यांऐवजी हाच बॅले लावून ठेवला होता, म्हणून रशियात अजूनही ‘स्वान लेक’ लागलं की लोक कान टवकारतात.

गंमत अशी की इतक्या शेवटांना संगीत एकच. दुसऱ्या अंकात ओबो या सनईसारख्या वाद्यावर ऐकलेली ती रडवी धून शेवटी अख्ख्या वाद्यवृंदावर गर्जत येते आणि उदास मायनरमधून उजळ मेजर सुरांमध्ये जाऊन संपते. बुडालेल्यांसाठी लिहिलेलं हे संगीत जिंकलेल्यांनाही शोभतं, आणि परलोकात गेलेल्यांना तर शोभतंच. चायकोव्हस्कीने शेवट इतका मोकळा ठेवला नसता तर पुढच्यांना एवढी सूट मिळाली नसती.

दुसरं कारण शब्द नसण्याचं. नाटकात संवाद बदलला तर कुणीतरी संहिता काढून दाखवतं. बॅलेत पुरावा असतो तो हातांचा. जुन्या प्रयोगांमध्ये खुणांची एक ठरलेली भाषा असते. डोक्यावर दोन्ही हात गोल फिरवले की नाच. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. मुठी वळून मनगटं समोर खाली एकमेकांवर आडवी टाकली की मरण. एक हात छातीवर आणि दुसऱ्याची दोन बोटं वर म्हणजे शपथ. दरबारात सिगफ्रीडची ती दोन बोटं वर गेली की समजायचं, संपलं सगळं. लंडनच्या रॉयल बॅलेत दुसऱ्या अंकात ओडेट तळ्याकडे हात करते, मग गालांवरून बोटं खाली ओढते: हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं. म्हणजे आजोबांचे अश्रू वाटेत कुठेतरी आईचे झाले. रशियन मंडळींनी तर या खुणा बहुतेक काढून तिथे नाच घातला, तेव्हा अश्रू कुणाचे हा प्रश्नच मिटला.

‘जिझेल’चं भांडण वेगळं. १८४१, पॅरिस. कथा तेओफील गोतिये आणि सँ-जॉर्ज या दोघांची, जर्मन कवी हायनेने सांगितलेल्या विलींच्या दंतकथेवरून. विली म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं, रात्री सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवणारी. जिझेल खेड्यातली पोर. तिचा प्रियकर आल्ब्रेख्त वेषांतर केलेला सरदार निघतो आणि बाथिल्ड नावाच्या सरदारकन्येशी त्याचं लग्न आधीच ठरलेलं. जिझेलचं डोकं फिरतं, ती त्याची तलवार उचलते आणि पहिला अंक तिच्या मरणावर संपतो. इथे कोणी विचारत नाही की मरते का. विचारतात की कशाने? आई आधीच बजावत असते, हृदय नाजूक आहे, नाचू नकोस. मग हृदय थांबलं की तलवार लागली? रॉयल बॅलेसाठी हा बॅले बसवणारे पीटर राइट म्हणतात, आत्महत्याच; नाहीतर तिला चर्चच्या आवाराबाहेर रानात कशाला पुरली असती? मला हे पटतं. हृदयविकार जरा सोयीचा आहे, त्यात आल्ब्रेख्त फार स्वस्तात सुटतो.

दुसऱ्या अंकात तर तो सुटतोच. भूत झालेली जिझेल रात्रभर त्याला विलींच्या राणीपासून वाचवते, पहाट होते, ती थडग्यात परतते. आजच्या बहुतेक प्रयोगांत तो एकटा फुलं कवटाळून उरतो. पण १८४१ मध्ये शेवटी बाथिल्ड तिथे येत असे आणि जाता जाता जिझेल त्याला खुणेने सांगत असे, हिच्याकडे जा. फसवलेली मुलगी मरूनही दुसरीचा संसार लावून देते! हा शेवट गळला हे बरंच झालं.

आता ‘ला बायादेर’, म्हणजे देवदासी, कारण त्याबद्दल तुम्ही विचारायला हवं आणि सहसा विचारत नाही. पॅरिसला १८३८ मध्ये पाँडिचेरीकडच्या देवदासींचा एक ताफा गेला होता. त्यातल्या अमनी नावाच्या नर्तकीवर याच गोतियेने भरभरून लिहिलं. पुढे १८५८ मध्ये त्याने कालिदासाच्या शाकुंतलावरून बॅलेची कथा लिहिली. तो बसवला लुसियँ पेतिपाने, म्हणजे मारियुसच्या थोरल्या भावाने. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं १८८०मध्ये. म्हणजे आपल्याकडे मराठीत गाण्याआधी बावीस वर्षं शकुंतला पॅरिसात नाचून गेली होती.

धाकट्या पेतिपाने ‘बायादेर’ १८७७ मध्ये पीटर्सबर्गला केला. भारत त्याने पाहिलेला नव्हता आणि ते प्रत्येक प्रवेशात दिसतं. देवळासमोर अग्नी पेटलेला आणि भोवती फकीर उड्या मारताहेत, गोवळकोंड्याच्या राजाच्या दारात वाघाची शिकार, आणि मुख्य ब्राह्मण देवदासीच्या मागे लागलेला. पहिला अर्धा तास हसू आवरत नाही. पण गोष्ट पकडते. देवदासी निकिया आणि योद्धा सोलोर यांचं अग्नीसमोर वचन झालेलं. राजाला मात्र सोलोर आपल्या मुलीसाठी, गमझात्तीसाठी, हवा. गमझात्ती निकियाला बोलावून घेते आणि गळ्यातले दागिने काढून पुढे करते: घे आणि नाहीशी हो. निकिया ते झिडकारते आणि तिच्या हातात सुरा येतो. बॅलेत दोन बायकांचं इतकं उघड भांडण दुर्मीळ. वाङ्‌निश्चयाच्या दिवशी निकियाला नाचावं लागतं, तिच्या हातात फुलांची परडी दिली जाते. सोलोरने पाठवली असं समजून ती हरखते, परडी छातीशी धरते आणि आतला साप डसतो. ब्राह्मण उतारा घेऊन येतो: माझी हो, वाचशील. ती सोलोरकडे बघते. तो गमझात्तीबरोबर निघालेला असतो. निकिया कुपी हातातून टाकून देते. एका नजरेत एवढा निर्णय सांगणारा प्रसंग माझ्या मते अख्ख्या ‘स्वान लेक’मध्ये नाही.

मग सोलोर अफू ओढतो आणि अंधारातून उतारावरून छाया येऊ लागतात. पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, सरळ होऊन मागे कलते, दोन पावलं पुढे. मागून दुसरी, तेच. मागून तिसरी. मोठ्या कंपन्यांत चोवीस नाहीतर बत्तीस जणी असतात आणि सगळ्यांत पुढच्या मुलीला हेच सगळ्यांत जास्त वेळा करायचं असतं. गोष्ट इथे थबकते आणि कुणाचीही तक्रार नसते.

घोटाळा आहे तो त्यानंतर. पेतिपाच्या मूळ बॅलेत आणखी एक अंक होता: सोलोर आणि गमझात्तीचं लग्न, मधे निकियाची सावली एकट्या सोलोरला दिसणारी, आणि हात हातात देताच देवांच्या कोपाने देऊळ सगळ्यांच्या अंगावर कोसळतं. १९४१च्या लेनिनग्राडच्या आवृत्तीत हा अंक नाही, आणि पुढे बराच काळ जगाने तीच पाहिली. त्यात छाया नाचतात आणि पडदा पडतो. साप घालणारे मोकळे! १९८० मध्ये नतालिया मकारोवाने न्यूयॉर्कला अमेरिकन बॅले थिएटरसाठी शेवटचा अंक पुन्हा रचला, त्यासाठी संगीतही नव्याने लिहून घेतलं.

आणि ज्या गोष्टीचा शेवट जगाला पाठ आहे तिथे तरी बॅलेवाले गप्प बसले का? संगीतकार प्रोकोफिएव्हच्या १९३५च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओ वेळेत पोचतो आणि दोघं जगतात! कारण त्याने स्वतःच पुढे सांगितलं: जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी पडल्या पडल्या कशी नाचणार? शेक्सपिअरप्रेमी खवळले. त्याने शेवट बदलला तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. कुणीतरी त्याला म्हणालं, तुमच्या शेवटच्या संगीतात आनंद काही ऐकू येत नाही. हे त्याला लागलं. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला पहिला प्रयोग झाला तेव्हा दोघं रीतसर मेली होती.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘नटक्रॅकर’मध्ये दुसऱ्या अंकाला गोष्टच नाही, मिठाईच्या राज्यातले नाच आहेत, तेव्हा डोकं शिणवू नका. ‘डॉन किहोते’त म्हातारा किहोते जवळजवळ पाहुणा आहे, खरी गोष्ट न्हावी बासिलिओची, जो आत्महत्येचं सोंग आणून सासऱ्याकडून लग्नाची परवानगी काढतो. ‘स्लीपिंग ब्यूटी’ बॅलेत लग्नावर संपते, पण फ्रेंच लेखक पेरोच्या मूळ गोष्टीत लग्नानंतर राजपुत्राची आई राक्षसीण निघते आणि नातवंडांना खायला मागते. ते बॅलेत गाळलं.

तेव्हा तिकीट काढताना आधी बघा, बॅले कुणी बसवलाय. मारिन्स्कीचा ‘स्वान लेक’ असेल तर रुमाल नेऊ नका, ओडेट जगते. ग्रिगोरोविचचा असेल तर रेकॉर्डिंग २००१च्या आधीचं की नंतरचं ते विचारा. मुलं बरोबर असतील तर ‘नटक्रॅकर’. आणि ‘बायादेर’ बघणार असाल तर मकारोवाचा बघा. त्या सगळ्यांच्या डोक्यावर देऊळ पडायलाच पाहिजे.