गाडीमागून नेता येणारी शिडाची होडी

अमेरिकेतील बहुतेक महामार्गांवर विशेष परवान्याशिवाय साडेआठ फुटांहून रुंद काही नेता येत नाही. ट्रेलरवरून न्यायच्या शिडाच्या होड्यांची रुंदी या एका नियमाने बांधून टाकली आहे. त्याखेरीज गाडीला ओढता येईल इतके कमी वजन हवे आणि रॅम्पवरून (किनाऱ्यावरून पाण्यात उतरणाऱ्या उतारावरून) उथळ पाण्यात सहज घसरेल असा तळ हवा. याउलट, वाऱ्याच्या जोरापुढे होडी कलंडू नये म्हणून तळाशी, शक्य तितके खोल, भरपूर वजन लागते. या दोन गरजांची तडजोड कशी केली आहे, यावरूनच मी अशा होडीची पारख करतो.

फ्रँक बटलर यांची कॅटालिना 22 ही 1969 पासूनची होडी याचे एक उत्तम उत्तर आहे. तिच्या मूळ रूपात सुमारे 250 किलो वजनाची ओतीव लोखंडाची कील, म्हणजे होडीच्या तळाखालचे जड पाते, एका खिळीवर फिरते. हातविंच फिरवून ती वर घेतली की होडीला दोन फूट पाणी पुरते, आणि खाली सोडली की ती पाच फूट खोल जाते. अशा पंधरा हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. मात्र ते लोखंड रस्त्यावरही सोबत असतेच, त्यामुळे बावीस फुटी होडी रिकामीच सुमारे एक टन भरते.

रॉजर मॅकग्रेगर यांनी 1980 च्या दशकात सव्वीस फुटी होडीसाठी लोखंडाऐवजी पाणी निवडले. होडी उतरवल्यावर झडप उघडायची, तळातील टाकीत सुमारे 545 किलो पाणी भरू द्यायचे, आणि परतताना रॅम्पवर ते सोडून द्यायचे. रिकामी होडी जेमतेम 750 किलोंची उरते. पाण्यात बुडालेल्या पाण्याचे वजन ते काय, अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. होडी सरळ असताना टाकी पाण्याच्या पातळीखाली असते, म्हणून ते वजन फारसे जाणवत नाही आणि होडी सुरुवातीला चटकन कलते; पण कलल्यावर टाकीची वाऱ्याकडील बाजू पातळीच्या वर येऊ लागते, आणि तेथून पुढे तेच पाणी होडीला ठामपणे सावरते. टाकी अर्धवट भरलेली ठेवणे मात्र धोक्याचे, कारण आतले पाणी नेमके कललेल्या बाजूला धावते. मला ही रचना फार आवडते, तरी जोरदार वाऱ्यात मी खोल गेलेल्या लोखंडावर अधिक विश्वास ठेवीन.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा होडी घराच्या अंगणात राहते आणि धक्क्याचे भाडे वाचते. बावीस फुटी होडी शिडावर ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. ह्यूरॉन सरोवराच्या उत्तरेकडील नॉर्थ चॅनेलला, जेथे ग्रॅनाइटची असंख्य बेटे आहेत, पाण्याने पोहोचण्यातच सुट्टीचे कित्येक दिवस जातील. गाडीने तेथे एका दिवसात पोहोचता येते.

जुनी कॅटालिना घेणाऱ्याने कीलची खिळी, ती वर ओढणारी तार आणि ट्रेलरची बेअरिंगे आधी तपासावीत. डोलकाठी सुमारे पंचवीस फुटांची आणि ॲल्युमिनियमची असते. ती उभी करण्यापूर्वी आणि उभी असताना होडी हलवण्यापूर्वी, डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.