सगळे एकाच मिनिटात

धावण्याच्या क्लबात चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही वार्षिक मेळाव्याची आठवण विचारा, बोलणं हटकून हँडिकॅपच्या धावेवर येतं. शेवटचं वळण घ्यावं आणि समोरच्या दोनशे मीटरच्या सरळ पट्ट्यात झाडून सगळा क्लब दिसावा! सगळ्यात सावकाश धावणारे, सगळ्यात चपळ, महिन्यापूर्वी नाव घातलेले, वीस वर्षांचे जुने. सगळ्यांना सारखाच दम लागलेला आणि सगळ्यांची नजर एकाच रेषेवर. एरवी वर्षभर ज्यांची फक्त पाठ दिसते, तीही पहिल्या पाच मिनिटांपुरती, त्यांच्या पावलांचा आवाज त्या दिवशी मागून येतो. असं मिनिट वर्षातून एकदाच वाट्याला येतं. त्याच्यासाठी पंधरा दिवस आधीपासून वही-पेन्सिल घेऊन हिशेब चाललेला असतो, आणि तो चुकला तर ते मिनिट येतच नाही.

हँडिकॅप म्हणजे सूट. ती अंतरात देता येते किंवा वेळेत. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल इथे 1878 साली सुरू झालेली जी प्रसिद्ध शर्यत आहे, तिथे सूट अंतराची असते: गवतावरच्या 120 मीटरच्या धावेत जो कमी वेगाचा, त्याची सुरुवातीची जागा तेवढी पुढे. क्लबच्या मेळाव्यात मात्र वेळेची सूट बरी. सगळे सारखंच अंतर धावतात, आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो सगळ्यात आधी निघतो. घड्याळ त्याच्याबरोबर सुरू होतं. बाकीचे आपापल्या फरकाने मागून निघतात. अंदाज अचूक असतील तर सगळे एकदम पोहोचायला हवेत. जो रेषा आधी ओलांडेल तो आपल्या अंदाजापेक्षा सर्वांत चांगला धावला.

अंदाज काढायला अनेक क्लब पीट रीगल यांचं सूत्र वापरतात. रीगल पेशाने इंजिनिअर. त्यांनी 1977 साली मांडलेलं गणित असं: नव्या अंतराला जुन्या अंतराने भागा, त्याचा 1.06 वा घात काढा आणि जुन्या वेळेला त्याने गुणा. 8 किलोमीटरच्या धावेसाठी हे आयतं करून ठेवता येतं. हाताशी 10 किलोमीटरची वेळ असेल तर तिला 0.789 ने गुणायचं, 5 किलोमीटरची असेल तर 1.646 ने. 10 किलोमीटर 60 मिनिटांत धावणाऱ्याचा अंदाज 47 मिनिटं 22 सेकंद येतो. 5 किलोमीटर 20 मिनिटांत धावणाऱ्याचा 32 मिनिटं 55 सेकंद. यादीतल्या सगळ्यात सावकाश धावणाऱ्या ताईंचा 8 किलोमीटरचा अंदाज 64 मिनिटांचा असेल, तर त्या शून्यावर निघतात, पहिला गडी 16:38 ला आणि दुसरा 31:05 ला. निघण्याच्या वेळा 15 सेकंदांच्या पटीत बसवाव्यात, म्हणजे 16:45 आणि 31:00. सुटे सेकंद ठेवले की सुरुवातीला पुकारणाऱ्याची त्रेधा उडते आणि दोघा-तिघांची वेळ हुकतेच.

सूत्राचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. छोट्या अंतरावरून मोठ्याचा अंदाज काढताना ते कमी सराव असलेल्याची खुशामत करतं. नव्या सभासदाची जुनी नोंद नसते, म्हणून दोन आठवडे आधी त्याची 3 किलोमीटरची चाचणी घेतात. 18 मिनिटं आली तर सूत्र 8 किलोमीटरला 50:54 सांगतं. पण आठवड्यातून दोनदाच धावणारा माणूस सहाव्या किलोमीटरला ढेपाळतो आणि 54 मिनिटं घेतो. तो बिचारा शेवटून पहिला येतो, तेही रेषेवरची गर्दी पांगल्यावर. अशांना दोन-तीन मिनिटांची जास्तीची सूट देणं हाच न्याय आहे.

उलट बाजूला आपली वेळ फुगवून सांगणारेही असतात. त्यावर उपाय म्हणजे वेळ तोंडी विचारायचीच नाही. गेल्या 12 महिन्यांतली क्लबच्या नोंदवहीतली सर्वोत्तम वेळ घ्यायची, मग ती पावसात धावलेली असो की उन्हात. शिवाय अंदाजापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वेगाने येणाऱ्याला टाळ्या भरपूर, पण चषक नाही, हा नियम आधीच फलकावर लावायचा. 47:22 च्या अंदाजाला पाच टक्के म्हणजे 2 मिनिटं 22 सेकंद. कष्टाने सुधारलेल्या माणसाला एवढी जागा पुरते. हा नियम धाव झाल्यावर जाहीर केला की वर्षभराची कटुता विकत घेतलीच म्हणून समजा.

हे सगळं गणित मार्गाच्या लांबीवर उभं असतं, म्हणून मेळाव्याच्या आधीच्या रविवारची मोजणी अनेकांना मेळाव्याइतकीच लक्षात राहते. मनगटावरच्या जीपीएस घड्याळाने मार्ग आखू नये. झाडाखाली आणि उंच इमारतींजवळ त्याची रेघ नागमोडी होते. मोजायचं ते सायकलने. पुढच्या चाकाच्या आसाशी जोन्स काउंटर बसवतात. ॲलन जोन्स यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेलं हे दातेरी चक्रांचं छोटं यंत्र चाकाच्या एका फेरीत वीसच्या वर आकडे पुढे सरकवतं, म्हणजे साधारण दर दहा सेंटिमीटरला एक आकडा. आधी पोलादी टेपने किमान 300 मीटरचा सरळ पट्टा मोजून दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे. त्यावरून सायकल चार वेळा न्यायची, आकडे लिहायचे, मग मार्ग मोजायचा आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा. दुसऱ्यांदा चार वेळा कशाला, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी नवा माणूस विचारतो. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर वाढतो आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. सकाळचेच आकडे धरून बसलं तर मार्ग लांब आखला जातो; संध्याकाळी गारव्यात मोजणी संपली तर आखूड. मधेच चाक पंक्चर झालं तर आधीचं सगळं बाद, पुन्हा पहिल्यापासून.

सायकल वळणावर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून न्यायची, कारण सर्वांत जवळचा रस्ता जो कुणी धावू शकेल, तोच मार्गाचा रस्ता. त्यावर हजारी एक जास्तीचं अंतर घालायचं, म्हणजे 8 किलोमीटरला 8 मीटर, जेणेकरून मोजणीतल्या बारीक चुकांनी मार्ग तोकडा निघू नये. मेळाव्याच्या दिवशी दहाजण येऊन घड्याळ दाखवतात, ‘अहो, 8.1 भरलं!’ भरणारच. माणूस सगळी वळणं कडेने कापत नाही, पुढच्याला ओलांडायला बाहेरून जातो, आणि घड्याळ आपली नागमोड त्यात मिळवतं. रीगल पुढे याच मोजणीच्या कामात रमले, हे कळलं की मोजणी करणाऱ्यांना फार आनंद होतो.

आता रेषा. सगळ्यांनी एकाच मिनिटात पोहोचावं यासाठी एवढा खटाटोप केला, आणि तो साधला की खरी परीक्षा रेषेवरच्या माणसांची. साठजण दोन मिनिटांत आले तर दर दोन सेकंदांना एक. त्या वेळी क्रमांक तोंडी लक्षात ठेवायला गेलात तर पाचव्या माणसालाच गोंधळ. म्हणून रेषेपलीकडे दोन दोऱ्यांचं फनेल आखतात: तोंड तीन-चार मीटर रुंद, मग निमुळतं होत जेमतेम एक मीटर, म्हणजे आत कुणी कुणाला ओलांडू शकत नाही. टोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दोरीत ओवलेली टोकनं असतात, 1 पासून क्रमाने. येईल त्याच्या हातावर एक टोकन ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्याने बोलायचं नाही, अभिनंदन करायचं नाही, फोटोसाठी वळायचं नाही. टोकन हातात पडलं की क्रमांक पक्का. मग धावपटूने पाणी प्यावं, श्वास घ्यावा आणि सवडीने टेबलावर जाऊन टोकन आणि बिबचा, म्हणजे छातीवर लावलेल्या कागदाचा, नंबर लिहून द्यावा.

काही क्लब टोकन वाचवायला जातात आणि फनेलच्या टोकालाच वही घेऊन माणूस बसवतात. नंबर वाचून लिहायला सहा-सात सेकंद लागतात. दोन मिनिटांत त्याच्याकडून अठराजण होतात आणि बेचाळीसजण रांगेत राहतात, एकेकाला 65 सेंटिमीटर धरलं तरी 27 मीटर. रांग रेषेपर्यंत येते, मागचे धावत येऊन पुढच्यांवर आदळतात आणि क्रम विस्कटतो. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण जोराने धावून आलेली माणसं जागच्या जागी उभी राहतात. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साचतं, रक्तदाब उतरतो आणि माणूस मटकन खाली बसतो. अशाला आडवं करून पाय उंचावर ठेवले की बहुतेकदा काही मिनिटांत तरतरी येते. पण जो बरळतोय, ज्याला कुठे आहे ते कळत नाही, ज्याचं अंग तापलेलं आहे, त्याला उष्माघात समजून ताबडतोब थंड पाण्यात घालायचं आणि लगेच डॉक्टर बोलवायचे. म्हणून फनेलमध्ये एक आवाजी माणूस हवाच: ‘चालत राहा, चालत राहा, थांबू नका!’ जुन्या सभासदांना मेळावा म्हटलं की हाच आवाज आधी कानात येतो.

टोकनांची परंपरा साधी आहे. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी जी धाव सुरू केली आणि जिचं पुढे जगभर पसरलेलं पार्करन झालं, त्या पहिल्या सकाळी 13 जण धावले होते. तिथे टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर वापरले गेले. वायसर खरंच उत्तम: भिजत नाहीत, वाऱ्याने उडत नाहीत, आणि पडले तर आवाज होतो.

वेळ घ्यायला दोघं लागतात, दोन वेगळी स्टॉपवॉच घेऊन, एकमेकांकडे न बघता. बटण दाबायचं ते छाती-पोटाचा भाग रेषेवर आला की. डोकं, हात किंवा पाय आधी आला तर तो धरायचा नाही. रस्त्यावरच्या धावेत हाताने घेतलेली वेळ नेहमी वरच्या पूर्ण सेकंदात लिहितात, 63:19.2 असेल तर 63:20. सुरुवातीला सुरू केलेलं घड्याळ शेवटच्या माणसापर्यंत थांबवायचं नाही; प्रत्येक तुकडी निघताना नव्याने शून्य करण्याची चूक एकदा झाली की सगळा हिशेब संपला. 63:20 ला पोहोचलेला गडी 16:45 ला निघाला होता, म्हणजे त्याची खरी वेळ 46:35, अंदाजापेक्षा 47 सेकंद कमी. मेळाव्यात त्याचं तोंड बघावं!

गर्दीत बटण दोनदा दाबलं जातं किंवा एखादा सुटतो. साठ टोकनं आणि एकसष्ट वेळा निघाल्या तर आधी दोन दशांश सेकंदाच्या अंतराने आलेली जोडी शोधायची. एकोणसाठच निघाल्या तर काम जास्त, आणि त्यासाठी तिसरा माणूस उपयोगी पडतो: तो दर दहाव्या धावपटूचा बिब नंबर आणि घड्याळातली वेळ टिपून ठेवतो. तिसावा जुळला आणि चाळिसावा एकाने सरकला, म्हणजे चूक त्या दहांमध्येच. एका अंकासाठी बाकीचे पन्नास तपासावे लागत नाहीत.

दुपारी रिले असते. संघ चिठ्ठ्या टाकून पाडले की एकीकडे सगळे चपळ जमतात. त्यापेक्षा सगळ्यांना वेळेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावावं आणि संघांना 1, 2, 3, 4 आणि मग 4, 3, 2, 1 असं वाटत जावं. बॅटन, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची दांडी, 28 ते 30 सेंटिमीटरची आणि 50 ग्रॅमपेक्षा हलकी नको. झाडूचा दांडा कापून चालतो, टोकं मात्र घासून घ्यावीत. पडली तर जिच्या किंवा ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. पोरंसोरं या वेळी रेषेच्या इतक्या जवळ येतात की एक दोरी त्यांच्यासाठीच बांधावी लागते.

घड्याळ काढून ठेवून धावायची 3 किलोमीटरची धावही गोड असते. वेळ आधी चिठ्ठीवर लिहून द्यायची, जवळचा जिंकतो. ज्यांना चषक कधी मिळत नाही ते इथे मिळवतात, कारण वर्षानुवर्षं एकाच वेगाने धावलेल्यांच्या पायातच घड्याळ असतं.

निकाल वाचून झाले, फिरता चषक नव्या घरी गेला की टेबलाशी दोघं-तिघं उरतात. टोकनं क्रमाने पुन्हा दोरीत ओवायची असतात, 1 पासून. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, आणि मग एक सापडत नाही. कुणाच्या तरी खिशात राहिलेलं असतं. त्या जागी कोरा वायसर ओवून नंबर खडूने लिहितात, आणि पुढच्या रविवारी सराव सुरू व्हायच्या आधी कुणीतरी येऊन मूळ टोकन हातात ठेवतं.