कॉक उघडला, थेंबही पडला नाही

वीस वर्षं जुन्या कमांडर जीपचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलायचं काम, तेही मालकाच्या अंगणात. गाडी रात्रभर उभी होती, म्हणूनच रेडिएटरच्या झाकणाला हात लावला. इंजिन गरम असताना 0.9 बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, ते तत्क्षणी उसळतं आणि तोंडावर येतं.

खाली घमेलं सरकवून रेडिएटरच्या तळाचा पितळी कॉक दोन आटे सैल केला. काहीच नाही. इथेच लोक पक्कड लावून पिळतात आणि कॉक मानेपाशी तुटतो. मी मऊ तार आत घालून हळूहळू फिरवली. आधी चहाच्या चोथ्यासारखा लगदा आला, मग पिवळट पाणी. बोटावर चोळून वास घेतला. हळद!

रेडिएटर पाझरायला लागला की हळद टाकायची, ही ड्रायव्हर मंडळींची जुनी युक्ती. घाटात अडकलेली गाडी ती घरापर्यंत आणते, नाही म्हणत नाही. पण हळदीला फुटकं भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही, दोन्ही बुजवते. घरी पोचल्यावर ती धुवायची असते, हे कुणी सांगत नाही.

रेडिएटरमधून साडेपाच लिटर निघालं. बरेच जण इथेच थांबतात आणि निम्मी घाण इंजिनच्या ब्लॉकमध्येच राहते. ब्लॉकच्या बाजूचा प्लग खोलल्यावर आणखी तीन लिटर आलं, गंजाच्या रंगाचं. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या जागी नुसतं गॅस्केट! 'गाडी गरम होते' म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकणारे कारागीर अजून आहेत. मग इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त पितं आणि खरा बिघाड तसाच राहतो.

नवा थर्मोस्टॅट बसवला. साधं पाणी भरून, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवून, निवल्यावर काढलं, असं तीनदा. चौथ्यांदा साडेचार लिटर कूलंट आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार आत बसतो.

झाकण लावलं, इंजिन तापलं आणि वरच्या टाकीच्या सांध्यातून थेंब सुटला.

"दादा, तुम्ही हात लावायच्या आधी गळत नव्हती," मालक म्हणाला.

खरंच नव्हती. आधी गळती तपासायचा दाबाचा पंप लावला असता तरी हळदीने तग धरला असता. माझी चूक वेगळी. धुताना हवा निघावी म्हणून झाकण उघडं ठेवलं, त्यामुळे दाब तयारच झाला नाही. तिसरी फेरी झाकण लावून केली असती तर साधं पाणी गळलं असतं, साडेचार लिटर कूलंट नाही. आणि हळद दिसली तेव्हाच मालकाला हाक मारून घमेलं दाखवायला हवं होतं.

रेडिएटर झाळायला दिलाय. काढलेलं कूलंट कॅनमध्ये घट्ट बंद करून माळ्यावर ठेवायला सांगितलं. चवीला गोड पण विषारी असतं ते, आणि त्या अंगणात दोन कुत्री आहेत.