स्लोव्हेनियातली भाड्याची गाडी : घाट सोपा, काउंटर अवघड

स्लोव्हेनियात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं मनात असेल तर तळी आणि डोंगर नंतर बघा, आधी डिपॉझिटचं नीट समजून घ्या. ब्लेड आणि बोहिन्य ही तळी, व्हर्शिचचा घाट, सोचा नदीचं खोरं आणि इटलीतून वळसा घालून परत, असा आमचा छोटा फेरा सप्टेंबरमध्ये झाला. फार सुंदर झाला. पण विमानतळावरचा तो काउंटर आठवला की माझं डोकं अजून तापतं.

व्हिसा, तिकिटं, हॉटेलं यात काही अडलं नाही. आंतरराष्ट्रीय लायसन्स आरटीओतून काढलं. फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. ते आणि आपलं मूळ लायसन्स, दोन्ही जवळ लागतात.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. गाडी चालवणारी मी एकटीच. ल्युब्लियानाचा विमानतळ शहरापासून लांब, ब्रनिकला आहे. तिथून ब्लेड जेमतेम पाऊण तासावर, म्हणून संध्याकाळी उतरून थेट ब्लेडला मुक्कामाला जायचं ठरवलं होतं. बुकिंग एका वेबसाइटवरून केलेलं, त्यातच ‘पूर्ण विमा’ घेऊन त्याचे पैसेही भरलेले.

काउंटरवरच्या मुलाने व्हाउचर पाहिलं आणि म्हणाला, हा विमा वेबसाइटचा, आमचा नाही. आमचा घ्या, नाहीतर १२०० युरो डिपॉझिट. आमचा म्हणजे गाडी देणाऱ्या कंपनीचा विमा, तो जवळजवळ गाडीच्या भाड्याइतका! मी नको म्हटलं. मग त्याने घाबरवायला सुरुवात केली. घाटात दगड उडतात, काचा फुटतात, टायर विम्यात येत नाहीत, वगैरे.

यातलं गणित असं. गाडीच्या भाड्यात मूळ विमा असतो, पण नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा भार आपल्यावर येतो. तेवढी रक्कम कंपनी आपल्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवते. वेबसाइटचा विमा ती रक्कम कंपनीला देत नाही. आधी आपण भरायची आणि मग वेबसाइटकडून परत मागायची. म्हणजे विमा खोटा नसतो, पण त्याने डिपॉझिट टळत नाही. हे बुकिंग करताना कुठेही ठळक सांगत नाहीत, याचा मला खरोखर राग आहे.

बरं, डिपॉझिट तर डिपॉझिट. मी माझं क्रेडिट कार्ड दिलं. माझ्या नावाचं, परदेशातले व्यवहार चालू केलेलं, लिमिट भरपूर. मशीनने नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. नवऱ्याने त्याचं कार्ड पुढे केलं, तर नाही, कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. फॉरेक्स कार्ड? तेही नाही, कारण ते प्रीपेड. डेबिट कार्डलाही त्याने मान हलवली.

बँकेला फोन लावला तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. रोमिंगवर भाषा निवडा, कार्डाचा नंबर दाबा, थांबा, पुन्हा थांबा. सासूबाई बॅगांपाशी बसून होत्या. विमानात नीट खाल्लेलं नव्हतं आणि तिथलं दुकान बंद होत आलं होतं. प्रत्येक वेळी मी फोन कानाला लावून दोन पावलं बाजूला झाले की तो मुलगा मागच्या माणसाला पुढे घ्यायचा आणि मी परत रांगेच्या शेवटी. ‘आम्ही आधीपासून उभे आहोत’ असं सांगितलं तर म्हणे, तुमचं कार्ड चालत नाही ना, मग इतरांना का थांबवू?

अखेर बँकेतल्या बाईंनी कारण सांगितलं. कार्डाचं एकूण लिमिट वेगळं आणि परदेशातल्या मशीनवर एका दिवसात चालणारी मर्यादा वेगळी. ती बँकेने आपणहून एक लाख रुपयांवर ठेवली होती. १२०० युरो म्हणजे त्याच्या वर. अ‍ॅपमध्ये जाऊन ती वाढवायची, त्याला ओटीपी, आणि ओटीपी रोमिंगवर रखडत येणार. म्हणून निघायच्या आधी घरी बसूनच अ‍ॅपमध्ये ही मर्यादा बघा. ऑनलाइन आणि मशीन, दोन्ही वेगवेगळ्या असतात.

मर्यादा वाढली, कार्ड चाललं, पावती आली आणि त्यावर ‘सेल’ छापलेलं. मी लगेच विचारलं, हे ब्लॉक नाही का? तो म्हणाला, एकच आहे. अजिबात एकच नाही! प्री-ऑथोरायझेशन केलं तर रक्कम फक्त अडकते आणि नंतर मोकळी होते. सेल केला तर पैसे खरंच जातात. त्या दिवशीच्या दराने रुपयांत आकारले जातात, वर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी. परतावा येतो तो त्या वेळच्या दराने. मी हटून बसले. त्याने व्यवहार बदलला नाही, सिस्टिम करू देत नाही म्हणाला. पण पूर्ण रक्कम परत मिळेल असं करारावर लिहून त्याच्याकडून सही घेतली, तेव्हाच मी किल्ली उचलली. परतावा युरोत पूर्ण आला, रुपयांत कमी. कंपनीला मेल केले तर उत्तर एकच, आम्ही १२०० युरो परत केले आहेत. ते खरंही आहे, त्यामुळे भांडायला जागाच नाही. कार्ड मशीनमध्ये जायच्या आधीच ‘प्री-ऑथोरायझेशनच करा’ असं सांगा. आणि मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीत ब्लेडचं तळं होतं. बेटावरच्या चर्चच्या ९९ पायऱ्या सासूबाई दमाने चढल्या. क्रेम्ना रेझिना, म्हणजे तिथली क्रीमची पेस्ट्री खाल्ली, फोटो काढले. ब्लेडला गर्दी फार आणि पार्किंग महाग. एक सकाळ पुरे.

बोहिन्यला मात्र वेळ द्या. ब्लेडहून २६ किलोमीटर, देशातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक कायमस्वरूपी तळं, आणि काठावर इमारतींची रेटारेटी नाही. रिब्चेव लाजला दगडी पूल आणि त्याला लागून जुनं चर्च. आम्ही तिथून स्टारा फुझिना आणि स्टुडोर या गावांत गेलो. स्टुडोरला गवत वाळवायचे लाकडी, छप्पर असलेले मोठे मांडव ओळीने उभे आहेत. सासूबाई तिथून हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या माहेरी शेती, तेव्हा गवत किती उंच रचतात, पावसाचं पाणी कसं निघतं, सगळं त्यांनी निरखून पाहिलं.

गाडी घेताना पार्किंगच्या अंधारातही चारही बाजूंचा व्हिडिओ काढला होता, हे सांगायचं राहिलं. चाकांच्या रिमचाही काढा. स्लोव्हेनियात महामार्गाचा टोल ई-विन्येटवर, म्हणजे ऑनलाइन टोल-पासवर चालतो. स्टिकर नसतो, नंबरप्लेटवर नोंद असते. आपल्या गाडीची नोंद आहे ना, हे विचारून घ्या. आणि दिवसाही हेडलाइट चालू ठेवावे लागतात.

व्हर्शिचला क्रान्स्का गोराहून चढलो. खिंड १६११ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी कमी. एकूण ५० वळणं, प्रत्येकाला नंबर आणि उंचीची पाटी. या बाजूची वळणं फरसबंदीची आहेत, पावसात चाकं घसरतात, म्हणून सकाळी कोरडं बघून निघालो. रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी गाडले गेले. त्यांच्या आठवणीचं छोटं लाकडी चर्च आठव्या वळणापाशी आहे, तिथे थांबाच. वरंधा, आंबोली चालवलेल्यांना हा घाट जमेल. फक्त गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची आणि सायकलवाले पुष्कळ. उतरताना ऑटोमॅटिकचा मॅन्युअल मोड लावून खालचा गिअर ठेवा, ब्रेक तापत नाहीत.

पलीकडे ट्रेंटा गाव, मग सोचा नदी. तिचा रंग फोटोत खोटा वाटतो, पण तो खरोखर तसाच आहे. बोवेत्सला मुक्काम, मग प्रेडेल खिंडीतून इटलीत, टार्विझिओवरून मांगार्ट डोंगराच्या पायथ्याच्या फुझिने तळ्यांपाशी आणि राटेचेवरून परत स्लोव्हेनियात. इटलीत गाडी नेणार हे काउंटरवर सांगून, जादा पैसे भरून करारावर लिहून घेतलं होतं. न सांगता नेली तर विमा लागू होत नाही. २०२३ पासून इटलीने या सरहद्दीवर तपासणी सुरू केली आहे, पासपोर्ट हाताशी ठेवा.

गाडी परत करताना विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरली आणि पावतीचा फोटो काढला. काउंटरवर पावती मागितलीच. दिली, व्हिडिओही दाखवला. या वेळी काउंटरवर तो मुलगा नव्हता, एक मुलगी होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ‘नुकसान नाही’ असं लिहून दिलं. तो कागद डिपॉझिट हातात येईपर्यंत टाकू नका. परताव्याच्या मेलामेलीत मला त्या कागदावरचाच नंबर द्यावा लागला.