तिखट खाता येतं का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दंतशल्यचिकित्सक आहे. शाळांत दंततपासणीला जाते तेव्हा 'खर्रा खातोस का?' (खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू) असं मी विचारतच नाही. उत्तर ठरलेलं असतं, "नाई जी मॅडम." शेजारी गुरुजी, मागे मित्रांची रांग, ते पोर दुसरं काय सांगणार? म्हणून मी विचारते, "तिखट खाता येतं का रे?" यात लपवण्यासारखं काही आहे हे मुलांच्या ध्यानात येत नाही आणि खरं उत्तर मिळतं.

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलाने सांगितलं, "नाई जमत. माय माझ्यासाठी फोडणीच्या आधीच वरण काढून ठेवते."

कधीपासून? दिवाळीपासून. घरच्यांना वाटलं, अंगात उष्णता झाली. सब्जा झाला, गुलकंद झाला, गालाला आतून तूप लावून झालं. माऊलीने आपल्या परीने काही बाकी ठेवलं नव्हतं.

"आ कर बरं."

आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये बसली पाहिजेत, ही आमची सगळ्यात सोपी परीक्षा. त्याची दोन जेमतेम बसली. गालाची आतली बाजू गुलाबी असायला हवी, ती पांढुरकी पडली होती. बोट फिरवून पाहिलं तर आत ताणलेल्या दोरीसारखे उभे पट्टे हाताला लागले. जीभ बाहेर काढ म्हटलं, तर ओठाशी येऊन अडली. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तिखटाने तोंडाची आग होते आणि गालाची आतली बाजू घट्ट होत तोंड आखडत जातं, तो आजार. हा आजार मी एरवी शेतावर राबणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या मोठ्या माणसांत बघते. इथे तो गणवेश घालून समोर उभा होता.

रांग संपल्यावर त्याला व्हरांड्यात घेऊन बसले. गुरुजींना लांब थांबायची विनंती केली. मग हळूहळू निघालं. बाबा संध्याकाळी ठेल्यावरून खर्रा आणायला पाठवायचे. वाटेत खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी सोडून एक चिमूट गालात धरायची आणि परत बांधून द्यायची, अशी सुरुवात झाली तेव्हा तो चौथीत होता. आता मित्र मिळून पैसे काढतात आणि एक खर्रा वाटून खातात.

"हे व्यसन आहे, माहीत आहे ना?"

तो खरोखर गोंधळला. "व्यसन तर सिगरेटचं असते ना, मॅडम? आम्ही कोणीच सिगरेट नाई ओढत. खर्रा तर सगळेच खातात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मागच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेचा फलक होता आणि त्यावर लाल फुली मारलेली सिगरेट. त्या फलकाचा आपल्याशी काही संबंध आहे असं त्या शाळेतल्या कुठल्या मुलाला का वाटावं? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आपण मुलांना भीती घालतो ती धुराची, आणि घराघरात आहे ती पन्नी. २०१९ च्या शालेय पाहणीत देशातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरताना आढळली. त्यातही ज्यांनी तंबाखू तोंडात धरून पाहिली होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त मुलांनी वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच सुरुवात केली होती. म्हणजे आठवीत जाऊन भाषण देणं हे उशिराचंच काम. ते दुसरी-तिसरीत व्हायला हवं, आणि तेही मुलांच्या आईबापांसमोर.

कायदा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा कुठल्या कारखान्यातून पुड्यांत भरून यावा लागत नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घेऊन ठेलेवाला समोरच घोटून देतो. त्या शाळेच्या फाटकातूनही ठेला दिसत होता. मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे तक्रार लिहायला लावली आणि खाली मीही सही केली.

चार दिवसांनी मुलगा वडिलांना घेऊन रुग्णालयात आला. मी आधी वडिलांनाच खुर्चीत बसवलं. त्यांचीही तीन बोटं बसली नाहीत, आणि खर्रा धरायच्या जागी गालावर पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासायला त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. कर्करोग निघाला नाही, पण पेशींत बदल सुरू झालेले होते. मुलाला तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवले: आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. गोळ्या दिल्या. गालात घट्ट झालेले तंतू पूर्ववत होत नाहीत. खाणं थांबलं तर आजाराची वाढ मात्र थांबू शकते. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं, कारण खोटी आशा दिली की माणसं दुसऱ्या महिन्यात यायची बंद होतात.

वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तंबाखू सोडतो, मॅडम. पोरगाही सोडेल. नुसती सुपारी चालते ना?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही चालत. तोंड आखडतं ते मुळात सुपारीमुळे. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. दुकानात रंगीत पुडीत मिळणारी गोड सुपारीही त्यातच आली, आणि ती तर आपण पाहुण्यांच्या लहान पोरांच्या हातावर कौतुकाने ठेवतो.

त्यांना ते पटेना. आमच्या आजाने आयुष्यभर सुपारी खाल्ली, त्याला काही झालं नाही, म्हणाले. पुष्कळ वाद झाला. शेवटी मी त्यांना १८००-११-२३५६ हा व्यसन सोडवणाऱ्या हेल्पलाइनचा क्रमांक लिहून दिला, दोघांच्याही कार्डावर पुढची तारीख घातली आणि सांगितलं, येताना धाकटीलाही आणा; तिचीही तीन बोटं बघायची आहेत.