जड दगड

रविवारी दुपारी माळा आवरताना जुना पिवळा बल्ब सापडला. 60 वॅटचा. सवयीनं कानाशी नेऊन हलवला. किणकिण. तार तुटलेली.

आमच्याकडे उडालेला बल्ब लगेच फेकत नसत. अण्णा तो खिडकीशी धरत, एक डोळा मिटत आणि हळूहळू असा कलता करत की लोंबणारं टोक दुसऱ्या तुकड्यावर जाऊन टेके. मग श्वास रोखून स्टुलावर. स्टूल धरायला मी. बटण दाबलं की तार जिथल्या तिथं चिकटे आणि बल्ब आधीपेक्षा लख्ख पेटे. तार आखूड झालेली असे ना. चार दिवसांत पुन्हा उडे, ती गोष्ट वेगळी.

त्या तारेचं नाव टंगस्टन. हा शब्द स्वीडिश. तुंग म्हणजे जड, स्टेन म्हणजे दगड. स्वीडनमधल्या बिस्पबर्गच्या लोखंडाच्या खाणीत नको इतका जड दगड निघायचा. 1751 मध्ये क्रोनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं, जड दगड! डोकं न चालवता ठेवलेली नावंच टिकतात. (आपला तुंग किल्ला उंच म्हणून तुंग, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तरी मी मनातल्या मनात तो लावतोच.) 1781 मध्ये शेल नावाच्या औषधवाल्यानं त्या दगडातून नवं आम्ल काढलं, दोन वर्षांनी स्पेनमध्ये दोघा भावांनी तशाच आम्लातून धातू काढला. वजनाला जवळपास सोन्याइतका, आणि 3422 अंशांपर्यंत वितळायचं नाव नाही. आमच्या घरी मात्र केसाएवढा.

गंमत म्हणजे खुद्द स्वीडिश लोक आता या धातूला वोल्फ्राम म्हणतात. त्या दगडालाही पुढे शेलचं नाव लागलं, शेलाइट. म्हणजे पाळण्यातलं नाव ठेवलं त्यांनी आणि हाका मारतोय आपण. शाळेत मला पडलेलं कोडं, टंगस्टनची खूण डब्ल्यू का, ते या वोल्फ्राममुळे. तेव्हा सर म्हणाले होते, पाठ कर.

बल्ब खिडकीशी धरला. एक डोळा मिटला. जरा डावीकडे, अजून थोडा.

“बाबा, टाकून दे ना तो. आता कुठं लावणार आहेस?”

“टेकलंय,” मी म्हटलं. “बोलू नकोस. स्टूल धर.”